गाणं पुढे गेलं, नाव मागे राहिलं

इयरफोन लावलेत ना? आज गाणी आहेत, जुनी पण आणि नवी पण. त्याआधी मात्र मला एक माफी मागायचीय.

झालं काय, की मागच्या एपिसोडमध्ये मी बोलता बोलता म्हणून गेले, ‘अरुण दातेंचं शुक्रतारा’. एपिसोड आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आजोबांचा फोन. सांगलीहून. आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत, एसटीत कंडक्टर होते, आणि माझा प्रत्येक एपिसोड स्पीकरवर लावून अख्ख्या गल्लीला ऐकवतात. मला वाटलं कौतुक करतील. तर म्हणाले, “अगं, शुक्रतारा दात्यांचं, हे बरोबर. पण मग पाडगावकर कुठे गेले? खळे कुठे गेले? आणि त्यांच्याबरोबर सुधा मल्होत्रा गातात, त्या काय ऐकायला आल्या होत्या?”

मी गप्प. कारण खरंच की! शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज दोघांचे. चार माणसांनी केलेलं गाणं मी एकाच्या नावावर करून मोकळी झाले.

फोन ठेवल्यावर ते डोक्यातून जाईना. आपण रोज किती गाणी एकमेकांना पाठवतो! स्टेटसला लावतो, रीलला लावतो, ग्रुपवर टाकतो. गाणं बरोबर पोचतं. नाव वाटेत गळतं. हे आजचंच आहे का? की पहिल्यापासून असंच होतं? म्हणून मी मागे मागे जात राहिले, आणि जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

नाव गाण्याच्या आतच ठेवायचं

सगळ्यात आधी रेडिओ नाही, रेकॉर्ड नाही, छापखानासुद्धा नाही अशा काळात जाऊ. गाणं पसरायचा एकच मार्ग, तोंडातून कानात. माझं गाणं तुम्ही ऐकलं, पाठ केलं, पुढच्या गावात गायलं. तिथे ते माझं आहे हे कळणार कसं?

आपल्या संतांनी यावर जबरदस्त उपाय केला होता. नाव गाण्यातच गुंफून टाकायचं. तुकारामांच्या अभंगात शेवटी ‘तुका म्हणे’ येतंच. चोखोबांच्या अभंगात ‘चोखा म्हणे’. याला नाममुद्रा म्हणतात. गाणारा कुणीही असो, पंढरीच्या वाटेवरचा वारकरी असो की आत्ता तुमच्या शेजारी बसलेला दोस्त, अभंग पूर्ण करायचा तर नाव घ्यावंच लागतं. नाव वगळलं तर ओळच मोडते.

यातली मला सगळ्यात आवडती मुद्रा जनाबाईंची. गंगाखेडची मुलगी, पंढरपुरात नामदेवांच्या घरी काम करणारी. दळण, कांडण, झाडलोट. आणि ती सही करते ‘नामयाची दासी जनी’ अशी. स्वतःला दासी म्हणते, पण जनी हे नाव सोडत नाही. सातशे वर्षं होत आली, नाव टिकलंय.

आता हा उपाय काही अभेद्य नव्हता. कुणीतरी स्वतःची रचना करून शेवटी ‘तुका म्हणे’ जोडून द्यायचं, असंही भरपूर झालं. कुठले अभंग मूळचे आणि कुठले मागून घुसवलेले, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तरीही, कागदाशिवाय नाव टिकवायची ही युक्ती कमाल होती. जरा लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

रेकॉर्डच्या शेवटी एक ओरड

आता एकदम १९०२. नोव्हेंबर महिना, कलकत्त्यातलं एक हॉटेल. फ्रेड गेसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्रं घेऊन आलाय. समोर गौहर जान. त्या काळातली प्रचंड नावाजलेली गायिका. मायक्रोफोन अजून यायचाय, एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. आणि वेळ जेमतेम तीन मिनिटं, कारण तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावतं.

गौहर जान गातात आणि गाणं संपताच खणखणीत आवाजात इंग्रजीत सांगतात, माझं नाव गौहर जान. आज ऐकलं की हसू येतं. पण त्यामागे एक साधी अडचण होती. त्या वेळी हिंदुस्थानात तबकड्या छापायची सोयच नव्हती. ध्वनिमुद्रण इथे व्हायचं, पण तबकड्या निघायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कामगारांना काय कळणार हा आवाज कुणाचा, लेबल कुठलं लावायचं? म्हणून गाणाऱ्यानं शेवटी नाव सांगायचं. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, छापील लेबलं आली आणि ही प्रथा मागे पडली.

म्हणजे बघा, तेव्हाही नाव गाण्याच्या आतच होतं, ‘तुका म्हणे’सारखं. मग ते लेबलवर गेलं. आणि लेबल कुणाच्या हातात? कंपनीच्या. इथून पुढची गोष्ट बदलते.

कामिनी कोण?

१९४९. ‘महल’ नावाचा हिंदी सिनेमा आला. त्यातलं ‘आयेगा आनेवाला’ तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असणार. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. रेकॉर्ड बाजारात आली, त्यावर गायिकेचं नाव काय? कामिनी.

कामिनी नावाची कुणी गायिकाच नव्हती! ते मधुबालाच्या पात्राचं नाव. त्या काळी असं चालायचं, पडद्यावर जी गाते तिचंच नाव रेकॉर्डवर. प्रत्यक्षात गाणारी विशीची मुलगी होती, लता मंगेशकर.

आता इथे कमाल केली ती ऐकणाऱ्यांनी. गाणं रेडिओवर वाजलं आणि लोकांनी पत्रांचा मारा सुरू केला. हा आवाज कुणाचा आहे ते सांगा! शेवटी रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीला विचारलं आणि लताबाईंचं नाव हवेवर जाहीर केलं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर आपल्यासारख्यांचं काम! चाहत्यांनी नुसतं ‘काय भारी गाणं आहे’ म्हणून सोडून दिलं नाही. त्यांनी विचारलं.

पंधरा पैशांचं प्रेम

रेडिओच्या जमान्यात गाणं शेअर करायची पद्धत म्हणजे फर्माईश. पोस्टकार्ड घ्यायचं, गाण्याचं नाव लिहायचं, खाली आपली आणि मित्रमंडळींची नावं लिहायची आणि पेटीत टाकायचं. तुमची आवड हजारो लोक ऐकणार, आणि वर तुमचं नावही ऐकणार.

१९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त, आणि सिनेसंगीतावर राग. आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. मग १९५७ च्या ३ ऑक्टोबरला आकाशवाणीनंच विविध भारती सुरू केली. फर्माईशींचा एवढा पूर आला, की आताच्या झारखंडमधलं झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं छोटं गाव निव्वळ पोस्टकार्डांमुळे देशभर प्रसिद्ध झालं.

आणि या काळातली निवेदनं आठवा. ‘गायक अमुक, गीतकार तमुक, संगीतकार...’ ही नावं सुद्धा आपोआप आलेली नाहीत बरं का. गीतकाराचं नाव रेडिओवर घेतलं गेलं पाहिजे, यासाठी साहिर लुधियानवींनी आग्रह धरला होता. भांडून मिळालेली नावं आहेत ती.

आपल्याकडे पुणे केंद्रावर १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभरात छप्पन्न गाणी. लोक रेडिओपुढे उदबत्ती लावून बसायचे, असं आजोबा सांगतात. आणि गदिमा-बाबूजी ही जोडी त्यांना अशी तोंडपाठ झाली, जशी आपल्याला अजय-अतुल.

आजोबांनीही फर्माईशी पाठवल्या. कितीतरी. नाव एकदाच लागलं, तेही हे ड्युटीवर असताना. मुक्कामी गाडी घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी डेपोत उतरले तर चहावाला ओरडला, “मास्तर, काल रेडिओवर आलात की!” स्वतःचं नाव त्यांनी स्वतः कधी ऐकलंच नाही. अजून सांगताना हळहळतात.

स्वतःहून लपवलेलं नाव

एक उलटी गोष्टही सांगते, नाहीतर अन्याय होईल. कधी कधी नाव मुद्दाम झाकलं जातं.

साठच्या दशकात भालजी पेंढारकरांच्या सिनेमांत ‘आनंदघन’ नावाच्या संगीतकाराचं नाव यायला लागलं. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, मग १९६५ मध्ये ‘साधी माणसं’. आनंदघन कोण, कुणी पाहिलेला नाही. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला, नाव पुकारलं गेलं, आणि तेव्हा उलगडा झाला की आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. तीच मुलगी, जिचं नाव एकदा कंपनीनं ‘कामिनी’खाली झाकलं होतं!

पण फरक बघा. एकदा नाव न विचारता गेलं. दुसऱ्यांदा तिनं ते स्वतः ठेवलं बाजूला. पहिलं चुकीचं होतं, दुसरी तिची मर्जी होती.

लाल रजिस्टर

मग आली कॅसेट. आईबाबांना विचारा, कॅसेट भरून घेणं काय प्रकार होता. दुकानात यादी द्यायची, साठची किंवा नव्वदची कोरी कॅसेट द्यायची, आठवड्यानं गाणी भरून मिळायची. घरी टू-इन-वन असेल तर रेडिओवरून थेट टेप. पहिल्यांदाच गाणं कंपनीच्या हातातून सुटून आपल्या हातात आलं.

यानं एक मोठी गोष्ट घडली. ज्यांच्या गाण्यांना बड्या कंपन्या विचारत नव्हत्या, त्यांचे आवाज घराघरांत गेले. सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर, विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर, भीमगीतांच्या कॅसेटचे स्टॉल लागायला लागले. वामनदादा कर्डक यांची गाणी अशीच गावोगाव पोचली. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. लहानपणी शाळा मिळाली नाही, मोठेपणी मुंबईत येऊन अक्षरओळख करून घेतली आणि मग हजारो गाणी लिहिली. ती गायन पार्ट्यांनी गायली, कॅसेटवर चढली, कॉपीची कॉपी निघाली, लेबलं उडून गेली. पण वामनदादांच्या कित्येक गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. आली ना आपली जुनी युक्ती परत? लेबल फाटलं तरी सही शिल्लक.

आजोबांचा उपाय वेगळा होता. त्यांनी एक लाल रजिस्टर केलं. चार रकाने. गाणं, कवी, संगीत, आवाज. ड्युटीवर वेबिल भरायची सवय, तशाच हातानं. कॅसेटला नंबर, रजिस्टरला नंबर. रेडिओवर निवेदक नाव घेई तेव्हा टू-इन-वनचं बटण एका हातानं आणि पेन्सिल दुसऱ्या हातात. एकशे बारा कॅसेट आहेत घरात. म्हणून तर सकाळी सातला माझी हजेरी घेऊ शकतात!

ट्रॅक ०१

आणि मग आपण. आठवतंय, मोबाईलच्या दुकानावर पाटी असायची, ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’? दोन जीबीत पाचशे गाणी. शाळेत आम्ही ब्लूटूथनं एकमेकींना पाठवायचो. फाईलचं नाव ‘ट्रॅक ०१’. आणि गायकाच्या जागी काय लिहिलेलं? कुठल्यातरी फुकट डाउनलोडच्या वेबसाईटचं नाव! म्हणजे ‘तुका म्हणे’च्या जागी चोरानंच आपली मुद्रा ठोकलेली.

आता अ‍ॅप्स आली. नावं आहेत, पण तीन टिंबांच्या मागे. कोण दाबतं? ‘वाजले की बारा’ वर वरातीत नाचलेल्या माझ्या दहा मैत्रिणींना मी विचारलं, शब्द कुणाचे? एकीला आलं. गुरू ठाकूर, मुलींनो! ‘नटरंग’, २०१०.

तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? गाणं आवडलं, बस्स. फरक पडतो, कारण नावामागे पैसे जातात. आपल्याकडे वर्षानुवर्षं गीतकार-संगीतकार एकदा ठरलेली रक्कम घेऊन हक्क सोडून द्यायचे. गाणं पन्नास वर्षं वाजलं तरी पुढे काही नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. आता गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहूनसुद्धा काढून घेता येत नाही. पण त्याला वाटा द्यायचा तर आधी तो कोण हे नोंदलेलं पाहिजे ना?

नव्या पोरांना हे कळलंय, असं मला वाटतं. हल्लीचे बीट बनवणारे गाण्याच्या सुरुवातीला दोन सेकंदांचा स्वतःचा टॅग टाकतात, ऐकलाय ना? आजी म्हणते, हे काय ओरडतात. मी म्हणते, आजी, ही नाममुद्रा आहे. गौहर जान शेवटी सांगायच्या, हे सुरुवातीला सांगतात, एवढंच.

बाजू ब

आता ज्यासाठी हा एपिसोड केला ते सांगते.

आजोबांची नजर आता अधू झालीय. म्हणून दिवाळीत मी त्यांच्या कॅसेट मोबाईलमध्ये उतरवायला बसले. एकशे अकरा कॅसेट रजिस्टरप्रमाणे चोख. शेवटची एक रजिस्टरमध्ये नव्हतीच. कागदावर आजोबांच्या अक्षरात फक्त ‘आक्काचं लग्न, बाजू ब’. आक्का म्हणजे माझी आत्या.

लावली. आधी खरखर, भांड्यांचे आवाज, कुणीतरी लहान मूल रडतंय. मग जात्याची घरघर आणि एका बाईचा आवाज. हळद दळतानाच्या ओव्या. आवाज बारीक नाही, गोड पण नाही, भक्कम. बाकीच्या बाया थांबतात आणि ती एकटी पुढे जाते, ओवीमागून ओवी, अकरा मिनिटं. माझ्या अंगावर काटा आला. यातल्या काही ओव्या मी कुठे वाचलेल्या नाहीत. कदाचित तिनं तिथल्या तिथे रचल्या असतील.

मी विचारलं, “आजोबा, ही कोण?”

आजोबांनी तीनदा ऐकलं. म्हणाले, “आवाज ओळखीचा आहे गं. नाव येत नाही.”

आत्याला फोन केला. ती म्हणाली, माझं लग्न होतं, मला कुठलं भान. मोठ्या काकूंनी एक नाव सांगितलं, शेजारच्या आजींनी दुसरं. दोघीही आता हयात नाहीत ज्यांची नावं घेतली. आवाज कुठलीचा, कुणालाच सांगता येत नाही.

मी आजोबांना म्हणाले, “तुम्ही तर सगळ्यांची नावं लिहिलीत. हिचं कसं राहिलं?”

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तेव्हा वाटलं, घरातलंच आहे. त्यात लिहायचं काय?”

मंडळी, मला त्यांच्यावर रागवता नाही आलं. कारण मीसुद्धा तेच करते. माझ्या फोनमध्ये आजीचे गातानाचे कितीतरी व्हिडिओ आहेत, एकावरही तिचं नाव नाही. घरातलंच आहे!

पण काही लोकांनी हे वेळेवर ओळखलं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. आणि प्रत्येक ओवीबरोबर शक्य तिथे गाणारीचं नाव, गाव लिहिलं. आज त्या पारीच्या वेबसाईटवर ऐकता येतात. जाऊन ऐका. तिथे ‘लोकगीत, पारंपरिक’ असं लिहून कुणी मोकळं झालेलं नाही. तिथे बाई आहे, तिला नाव आहे.

आमच्याकडची मात्र अजून बिननावाची आहे. लाल रजिस्टरमध्ये मी एकशे बारावी ओळ लिहिली. गाणं, हळदीच्या ओव्या. आवाज, आणि पुढे जागा रिकामी. आजोबा म्हणाले, “तिथे पेन्सिलनं लिही, विचारायचं आहे.” तसं लिहिलंय. अजून विचारतेय.

तर, या आठवड्याची गाणी

रीतीप्रमाणे पाच गाणी, जुनी ते नवी. या वेळी रजिस्टरसारखी.

‘शीळ’. शब्द ना. घ. देशपांडे, चाल आणि आवाज गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी. मराठी भावगीताची सुरुवात इथून मानतात.

‘शुक्रतारा’. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. आजोबा, झालं ना?

‘ऐरणीच्या देवा’, ‘साधी माणसं’मधलं. शब्द जगदीश खेबूडकर, संगीत आनंदघन, आवाज लता मंगेशकर.

‘वाजले की बारा’. गुरू ठाकूर, अजय-अतुल, बेला शेंडे.

आणि ‘गुलाबी साडी’, २०२४. शब्द आणि आवाज संजू राठोड, संगीत जी-स्पार्क. हे आजोबांनाही आवडतं, पण तसं कबूल करत नाहीत.

तुमचं आवडतं गाणं मला पाठवा, चारही रकाने भरून. आणि एक काम. या रविवारी आजीला, मावशीला, शेजारच्या काकूंना गायला लावा. रेकॉर्डचं बटण दाबलं की आधी म्हणा, नाव सांगा, गाव सांगा. मग गाऊ द्या.

भेटू पुढच्या एपिसोडला!